समतीव्रतारेषा आणि प्रश्न विचारण्याची विद्या

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेबाहेर पडून प्रत्यक्ष क्षेत्रात संशोधन करावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. पवईच्या आय. आय. टी.त ग्रामीण तंत्रविद्येचे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ साली स्थापन झाले. २०१६ पासून ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने हीच दृष्टी राज्यातील इतर महाविद्यालयांपुढे ठेवली. परंतु क्षेत्रात पोहोचल्यावर नेमके काय शिकावयाचे, याची चर्चा त्या मानाने थोडी होते. प्रस्तुत लेखात ती एका जवळच्या उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे.

पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास त्यांचा जोर विशेष होता. एक मोठा भूकंप व त्यामागून लहान धक्के, असा हा प्रकार नव्हे; लहान व मध्यम धक्क्यांची ही दीर्घकाळ चाललेली मालिका होय. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारच्या किंचित वर परिमाणाचा धक्का बसला, आणि घराबाहेर पळताना एका लहान मुलीचा मृत्यू झाला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपू लागले.

भूकंपाचे परिमाण यंत्र सांगते. तीव्रता मात्र माणसांना विचारूनच ठरवावी लागते. १९६४ साली मेद्वेदेव, श्पॉनहॉयर व कार्निक या तिघांनी सिद्ध केलेल्या मापश्रेणीत बारा पायऱ्या आहेत, व खालच्या पायऱ्यांचा निर्णय लोकांच्या अनुभवावर अवलंबून आहे: झोपलेले जागे झाले काय, टांगलेल्या वस्तू हलल्या काय, माणसे घाबरून बाहेर धावली काय. ठिकठिकाणची उत्तरे नकाशावर मांडून समान तीव्रतेची स्थळे रेषेने जोडली, की समतीव्रतारेषा तयार होते.

भाषाशास्त्राचा अध्यापक या विषयात का शिरतो, असे वाचकास वाटेल. कारण एवढेच की, बोलींच्या सीमा दाखविणाऱ्या आमच्या समभाषारेषा याच रीतीने निघतात, आणि त्या काढताना झालेल्या चुकांचा आमच्याकडे शंभरावर वर्षांचा साठा आहे. जर्मनीत वेंकरने १८७६ पासून शाळाशिक्षकांना टपालाने वाक्ये धाडली. फ्रान्समध्ये जिलिएरोंसाठी एदमोंने १८९७ ते १९०१ या काळात सहाशेहून अधिक ठिकाणी स्वतः जाऊन प्रश्न विचारले व मिळालेले उत्तर तेथल्या तेथे टिपले. लेखी उत्तर आणि ऐकलेले उत्तर यांत केवढे अंतर असते, हे या दोन उद्योगांच्या तुलनेने आम्हांस कळले.

आता आपला विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन पाड्यावर जातो, असे समजू. ‘धक्का जाणवला का?’ असा प्रश्न केला, तर उत्तर ‘हो’ असेच येण्याचा संभव अधिक; पाहुण्याचे मन मोडू नये, ही रीत आहेच. ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारून गप्प बसणे कठीण, पण फलदायी असते. उथळ भूकंपात हादऱ्याबरोबर सुरुंगासारखा आवाजही ऐकू येतो. आधी काय आले, आवाज की हादरा, हे मोकळ्या कथनातच निघते. शिवाय घरची बोली वारली, विचारणाऱ्याची भाषा पुणेरी, आणि मध्ये दुभाषा. तो चार वाक्यांचे एका ‘हो’त रूपांतर करतो. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र खंड आहे. निघण्यापूर्वी तो चाळावा, पण त्याहून त्याच पाड्यावरचा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सोबत घ्यावा.

प्रश्नावलीची खरी परीक्षा याच्याही पुढे आहे. जे कुटुंब आधीच अंगणात निजते, त्याला ‘घाबरून बाहेर धावलात काय?’ हा प्रश्न निरर्थक होय. खिडकीच्या काचा खडखडल्या काय, हे काचाच नसलेल्या घरात विचारता येत नाही. तेथे शिंके हलले काय, उतरंड ढासळली काय, असे विचारावे लागते. घरांच्या वर्गीकरणाचेही तसेच. या मापश्रेणीत माती-दगडाची घरे सर्वांत दुबळ्या वर्गात, साध्या विटांची दुसऱ्या, तर पोलादी सळ्यांच्या काँक्रीटची व चांगल्या बांधणीची लाकडी घरे तिसऱ्या वर्गात येतात. मग कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचे लिंपण दिलेले कुडाचे घर कोठे बसवावयाचे? दिसावयास ते मातीचे. परंतु त्याचा भार लाकडी मेढींवर असतो आणि कूड हलका व लवचीक असतो. लिंपणाचा पोपडा पडला म्हणून घर मोडले असे होत नाही. उलट मातीत रचलेल्या विटांची भिंत ‘पक्की’ म्हणविली जाते, पण हादऱ्याला ती कमी टिकते. ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ हे शब्द सरकारी तक्त्यात एक अर्थ घेऊन येतात व भूकंपात दुसरा. नुकसानीच्या पंचनाम्यात कोणते घर कोणत्या रकान्यात गेले, यावर त्या कुटुंबाला काय मिळणार हे ठरत असल्याने हा वाद केवळ शब्दांचा नाही.

नोंदीचे एककही तपासून घ्यावे. महसुली गाव हे कागदावरचे. वस्ती असते ती पाड्यांची, आणि ते एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. एक पाडा कातळावर, दुसरा ओढ्याकाठच्या गाळावर असेल, तर एकच धक्का दोन्हीकडे सारखा जाणवणार नाही. गावाची सरासरी काढली की हा भेद पुसला जातो.

यासाठी मी विद्यार्थ्यांना धुंदलवाडीइतकेच वाणगावला जाण्यास सांगेन. मिरचीच्या मळ्यांचे हे गाव डहाणू तालुक्यातलेच, पण भूकंपाच्या केंद्रापासून दूर दक्षिणेस आहे. तेथे ‘काही कळले नाही’ ही उत्तरे अधिक मिळावयाची, आणि उत्साही विद्यार्थी ती टिपतच नाही. परंतु अशा नकारांवाचून रेषा कोठे थांबवावी हे समजत नाही. त्यातही एक मेख आहे. वाणगाव पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे; रुळांजवळच्या घरांतली भांडी रोजच थरथरतात. तेव्हा तेथे पहिला प्रश्न भूकंपाचा नसावाच. घर रुळांपासून किती पावलांवर आहे, रात्री मालगाडी जाते तेव्हा काय काय हलते, हे आधी टिपून घ्यावे; मग त्या रात्रीकडे वळावे.