भूगर्भाचा शोध आणि खाणकामगार

आमच्या घरी फळीवर एक दगड असे. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड आणि पेन्सिलीसारखा गोल. आई त्याने मिरची-लसूण ठेचायची. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू, सांगत, "हा दगड खालून आला, दोनशे हातांवरून." आम्ही मुले त्यावर हसत असू. मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी बँकेत लिपिक. त्या दगडाचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर कळला, आणि तोही आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने समजावून सांगितला म्हणून. त्यानंतर या विषयावर जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधु-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

खनिज सापडते म्हणजे काय?

"तिकडे कोळसा लागला" असे आपण सहज म्हणतो, जणू विहिरीला पाणी लागावे तसे. प्रत्यक्षात खनिजाचा शोध हे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. त्याचे चार टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात भूवैज्ञानिक नकाशा, हातोडी आणि होकायंत्र घेऊन रानोमाळ फिरतो. नाल्यात किंवा टेकडीच्या कडेला उघडा पडलेला खडक पाहतो, त्याचा कल मोजतो, नमुना घेतो. दुसऱ्या टप्प्यात जिथे आशा वाटते तिथे चर आणि खड्डे खणतात व दूरदूर थोडे बोअर घेतात. पुढच्या दोन टप्प्यांत बोअरमधील अंतर कमी कमी करीत नेतात. एका बोअरमधून फक्त त्या एका जागेची माहिती मिळते, दोन बोअरच्या मधे काय आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. बोअर जितके जवळ तितका अंदाज पक्का. आमच्या बँकेत कर्जाची रक्कम वाढली की छाननीही वाढते, त्यातलाच हा प्रकार.

पाण्यासाठी घेतात तो बोअर आणि हा बोअर यांत फरक आहे. पाण्याच्या बोअरमधून खडकाचा चुरा होऊन बाहेर येतो. येथे खडक अखंड हवा असतो. म्हणून पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेली कडी लावतात. ती गरगर फिरत खाली जाते, खडक कडेने कापला जातो आणि मधला दांडा नळीत शिरतो. कडी तापू नये म्हणून सतत पाणी सोडावे लागते. त्या दांड्याला कोर म्हणतात. आमच्या फळीवरचा दगड म्हणजे अशाच कोरचा टाकून दिलेला तुकडा होता.

वर आलेला कोर खण पाडलेल्या लांबट पेटीत क्रमाने मांडतात आणि कोणता तुकडा किती खोलीवरचा ते लिहून ठेवतात. भूवैज्ञानिक ती पेटी वाचतो. इथे वालुकाश्म, इथे शेल, इथून इथपर्यंत कोळसा. मग नमुने प्रयोगशाळेत जातात. कोळशात राख आणि ओलावा किती, मँगनीजच्या दगडात मँगनीज, लोखंड आणि फॉस्फरस किती, हे तिथे ठरते. त्यावरून साठ्याचा हिशेब होतो आणि खाण काढायची की नाही याचा निर्णय होतो. पेटी भरताना वरचा तुकडा खाली आणि खालचा वर गेला तर सारा हिशेब चुकतो. म्हणजे या मोठ्या शास्त्राची सुरुवात पेटी भरणाऱ्या मजुराच्या हातातून होते. मोठे बाबा बोअरच्या मशीनवर हेच काम करीत होते.

आपला विदर्भ आणि खनिजे

खनिजशोधाच्या कामाचे एक मोठे केंद्र आपल्या नागपुरातच आहे, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? १८५१ साली कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना झाली, ती मुख्यत्वे कोळशाच्या शोधासाठी. १९४८ साली भारतीय खान ब्यूरो स्थापन झाला. त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. १९७२ साली खास खनिजशोधासाठी केंद्र सरकारचे महामंडळ निघाले, तेही नागपुरातच. त्याला कारणही तसेच आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी, तसेच उमरेड व कामठी या भागांत कोळसा आहे. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मँगनीज आहे. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे आपल्या कानावरची आहेत. मँगनीजवाचून पोलाद कणखर होत नाही. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड तर बॅटरीच्या सेलसाठी प्रसिद्ध आहे.

कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना गोंडवाना हे नाव एकोणिसाव्या शतकात मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने दिले. पुढे दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडालाही तेच नाव पडले. फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली मँगनीजवरील आपल्या ग्रंथात एका खडकाला गोंडाइट असे नाव दिले, तेही गोंड समाजावरून. अशा रीतीने गोंडांचे नाव जगभरच्या पुस्तकांत गेले. परंतु त्याच खडकांत घण आणि सब्बल घेऊन उतरलेल्या माणसांची नावे कुठे आहेत? आमच्या भागातून खदानीवर गेलेल्या पिढीत गोंड होते, आपले लोक होते, छत्तीसगडकडून आलेले होते.

मोठे बाबा बावीस वर्षे निरनिराळ्या ठेकेदारांकडे राबले. हात थांबले तेव्हा मी त्यांचा भविष्यनिर्वाह निधी शोधायला निघालो. एका ठेकेदाराने सांगितले, "जुनी हजेरीबुके नाहीत." दुसऱ्याचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यांनी घेतलेल्या बोअरची खोली आजही कुठल्यातरी दप्तरात मीटरच्या हिशेबात लिहिलेली असेल, पण ते बोअर घेणाऱ्या माणसाची नोंद सापडली नाही. आयुष्यभर लोकांच्या पासबुकात नोंदी करणाऱ्या माझ्यासारख्याच्या घरचीच ही गोष्ट आहे.

जिवाचे मोल

खाणीत चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीची किंमत जिवाने मोजावी लागते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांत साचलेले पाणी आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. जुने पाणी कुठे आहे आणि आपण त्यापासून किती अंतरावर आहोत, हे नकाशावर बिनचूक असणे किती आवश्यक आहे ते यावरून कळावे.

दुसरे उदाहरण १३ नोव्हेंबर १९८९ चे, राणीगंजच्या महावीर खाणीचे. तेथेही पाणी घुसले. ७१ जण आत अडकले, त्यांतील सहा बुडाले. उरलेल्या ६५ जणांसाठी वरून एक रुंद बोअर घेण्यात आला आणि पोलादी कुपीतून एकेकाला वर काढण्यात आले. जसवंतसिंग गिल हे खाण अभियंते स्वतः त्या कुपीतून खाली उतरले आणि शेवटचा माणूस वर जाईपर्यंत थांबले. ज्या विद्येने कोळसा शोधायचा, त्याच विद्येने माणसे वाचवली.

पाणी एका दिवसात मारते, धूळ वर्षानुवर्षे मारते. दगडाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, कोळशाच्या धुळीने फुप्फुस काळवंडते. मँगनीजची धूळ फार काळ शरीरात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल अडखळते, हात कापतात. खडक ओला ठेवून बोअर घेणे आणि वेळोवेळी छातीची तपासणी करणे हे यावरचे मुख्य उपाय. धूळ एकदा फुप्फुसात बसली की ती बाहेर काढणारे औषध नाही.

कायद्याचे संरक्षण

खाणकामगाराला जे थोडेफार संरक्षण मिळाले, ते आपोआप आलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातून कामगारांचे आरोग्य, पाणी, घरे, शिक्षण यांसाठी पैसा उभा राहू लागला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांच्या काळात सुधारणा झाल्या. युद्धकाळात, १९४३ साली, स्त्रियांना भूमिगत कामावर असलेली बंदी सरकारने उठवली होती. त्यावर टीका झाली आणि १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. १९५२ च्या खाण कायद्यानेही ती कायम ठेवली. पुढे २०१९ साली तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना दिवसा भूमिगत खाणीत उतरण्याची मोकळीक मिळाली. पूर्वी आपल्या आया-बहिणी डोक्यावर टोपली घेऊन उतरत. आता आपल्या मुली अभियंता म्हणून उतरू शकतात.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, खदान म्हणजे केवळ मजुरी हा समज आपण सोडला पाहिजे. भूगर्भशास्त्राचे शिक्षण नागपुरात मिळते. खाण अभियांत्रिकी विश्वेश्वरय्या संस्थेत शिकवली जाते. ज्यांना तेवढे शिकणे शक्य नाही, त्यांच्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या सरदार, ओव्हरमन, सर्व्हेअर या परीक्षा आहेत. सरदार होणे म्हणजे आपल्या पाळीतल्या माणसांची सुरक्षितता आपल्या हाती येणे.

आणि ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बांधवांना एक कळकळीची विनंती. प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांची प्रत घरी जपून ठेवा. निधीचा क्रमांक २०१४ पासून माणसामागे एकच असतो, ठेकेदार बदलला तरी तो बदलत नाही. त्यात भरणा होतो की नाही हे दर महिन्याला पाहा. आपल्या संस्थेने वर्षातून एक रविवार या कागदांच्या तपासणीसाठी ठेवावा. मी आणि बँकेतील माझे दोन सहकारी त्या दिवशी टेबल मांडून बसायला तयार आहोत.

आमच्या फळीवरचा दगड मी त्या विद्यार्थिनीला दाखवला, तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "काका, खडक चांगला आहे. पण बोअरचा नंबर नाही, खोली लिहिलेली नाही. नोंद नसलेला कोर आमच्या कामाचा नाही." ती दगडाबद्दल बोलत होती. मला मोठे बाबा आठवले. निदान पुढच्या पिढीतला एकही माणूस बिननोंदीचा राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.