मुंबईच्या उपनगरांतील वाळवी आणि तिची तपासणी

ऊब, लाकूड आणि ओल या वाळवीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी मुंबईच्या उपनगरांत वर्षभर मिळतात. त्यांपैकी उबेवर कोणाचा ताबा नसतो, लाकूड घरातून पुरते काढून टाकता येत नाही, आणि म्हणूनच वाळवीची तपासणी ही मुख्यतः ओलीची तपासणी असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि अंधेरी किंवा घाटकोपरच्या जुन्या इमारतींत शौचालयालगतच्या भिंती पावसाळा सरल्यावरही बरेच दिवस ओलसर राहतात. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे 100 चौरस किलोमीटरचे जंगल पसरलेले आहे, आणि तिथे पडलेली झाडे व पालापाचोळा यांची माती करण्याचे काम हाच कीटक करतो. जंगलाला उपकारक असलेली ही भूक, उद्यानाच्या डोंगरउतारांच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या घरांत मात्र नुकसानीला कारण होते.

वाळवी दिसायला मुंगीसारखी असली तरी वर्गीकरणाच्या दृष्टीने ती झुरळांच्या गणातली आहे. तिच्या वसाहतीत राणी, सैनिक आणि कामकरी असे गट असतात, आणि कामकरी वाळवीची त्वचा इतकी पातळ असते की कोरड्या हवेत तिच्या शरीरातील पाणी झपाट्याने उडून जाते. त्यामुळे जमिनीतल्या वसाहतीतून भिंतीवर चढताना ती माती, लाळ आणि विष्ठा कालवून अर्धा-एक सेंटिमीटर रुंदीची बंद नळी बांधत जाते. लाकडातील सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनलेल्या असतात तो पदार्थ, पचवण्यात तिला आतड्यातील सूक्ष्मजीवांची मदत होते. तोच पदार्थ कागदात आणि पुठ्ठ्यात असल्याने माळ्यावरची पुस्तके, कपाटाच्या तळाशी ठेवलेली कागदपत्रे आणि जिप्सम बोर्डावरचा कागदी थरसुद्धा तिच्या भक्ष्यस्थानी पडतो.

वसाहतीचे ठिकाण वेगवेगळे असू शकते, आणि तपासणीची दिशा त्यावरच ठरते. ओडोंटोटर्मिस या प्रजातीतील वाळव्या मातीत राहतात, त्यांतील काही वारुळे उभारतात, आणि वसाहतीत विशिष्ट बुरशीची शेती करून तिच्यावर पोसल्या जातात. कॉप्टोटर्मिस ही लाकडी सामानाची फार नासाडी करणारी प्रजातीही मूळची जमिनीतलीच, मात्र गळक्या नळामुळे भिंतीत सतत पाणी मिळत राहिले, तर चावलेले लाकूड, माती आणि विष्ठा यांचे घरटे ती भिंतीच्या पोकळीतच करते आणि मग जमिनीशी संबंध न ठेवताही तिथे टिकून राहते. वरच्या मजल्यावर वाळवी येऊच शकत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप ज्या उभ्या पोकळीतून जातात तो डक्ट, विजेच्या तारांची नळी आणि स्लॅबमधील एक मिलिमीटरहूनही अरुंद भेग हे तिचे वर जाण्याचे मार्ग होत. काँक्रीट ती खात नाही, त्यातल्या फटींचा उपयोग करून घेते.

कोरड्या लाकडात राहणारी वाळवी याहून निराळी असून तिला ना मातीची गरज असते, ना नळीची. तिची खूण म्हणजे खुर्चीखाली किंवा चौकटीच्या तळाशी साचलेले खसखशीसारखे बारीक, टणक दाणे. ती तिची विष्ठा होय, आणि भिंगातून पाहिल्यास प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. याउलट मैद्यासारखी मऊ भुकटी गळत असेल आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असतील, तर तो बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा उपद्रव असतो, वाळवीचा नव्हे. हा फरक न ओळखता जमिनीत औषध सोडले, तर पैसे वाया जातात आणि पलंग पोखरला जायचा तो जातोच. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या किड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते, तर मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि स्पर्शिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. खिडकी बंद असताना खोलीच्या आतच गळालेल्या पंखांचा खच दिसला, तर वसाहत इमारतीतच असण्याची शक्यता मोठी असते.

प्रत्यक्ष तपासणीत तपासनीस विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरतो, कारण तिरप्या उजेडात रंगाखालचा फुगीरपणा आणि नळीचा उंचवटा उठून दिसतो. दाराच्या चौकटीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत गेल्यावर जिथे आवाज पोकळ येतो, तिथे वरचा पापुद्रा शाबूत असूनही आतले लाकूड खाल्लेले असते. ओल मोजण्याचे यंत्र याच कामाला जोड देते; उष्णतेचे चित्र दाखवणारा कॅमेरा मात्र तापमानातील फरक तेवढा दाखवतो, वाळवी नव्हे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे. उपनगरांतल्या लहान सदनिकांत जागेच्या टंचाईपायी कपाट थेट न्हाणीघराच्या भिंतीला ठोकलेले असते, आणि ते हलवता येत नाही म्हणून तपासणीतून सर्वाधिक निसटणारी जागाही तीच ठरते. सापडलेली नळी लगेच खरवडून काढू नये आणि तिच्यावर रॉकेलही ओतू नये. तिचा थोडासा भाग मोडून काही दिवसांनी पाहिल्यास, वाळवी चालू असेल तर तो बहुधा पुन्हा बांधलेला आढळतो. फवाऱ्याने समोर दिसणारी वाळवी मारल्याने राणीला धक्का लागत नाही.

उपचारासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 6313 हे मानक असून त्याच्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतींची पद्धत दिलेली आहे. भिंत आणि फरशी जुळतात त्या रेषेवर सुमारे 300 मिलिमीटर अंतराने 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून प्रत्येकात फार तर एक लिटर द्रावण सोडावे, असे ते सांगते. बायफेन्थ्रिनसारख्या औषधापासून वाळवी दूर पळते, तर इमिडाक्लोप्रिडचा तिला सुगावा लागत नाही आणि अंगाला लागलेले औषध ती वसाहतीत घेऊन जाते. भूमिगत टाकी किंवा विहीर जवळ असल्यास ही छिद्रे पाडताना विशेष काळजी घेतली पाहिजे. कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यास कीटकनाशक कायदा, 1968 खाली परवाना लागतो, आणि तो पाहायला मागणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे.

मानकाचा दुसरा भाग पाया भरतानाच मातीवर करायच्या प्रक्रियेचा आहे. पुनर्विकासाची कामे जोरात सुरू असलेल्या बोरिवली-मुलुंडमध्ये रहिवाशांनी विकासकाकडे त्या प्रक्रियेची लेखी नोंद मागितली पाहिजे, कारण पुढे ते काम तपासायला वाव उरत नाही. सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात किंवा डक्टमध्ये राहून गेले, तर नव्या इमारतीत वाळवीची शिदोरी आधीच तयार असते.

अमेरिकेत काही गृहकर्जांसाठी अनेक भागांत वाळवी-तपासणीचा अहवाल लागतो. मुंबईत सदनिका विकताना तशी प्रथा नाही. मात्र 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिच्या अहवालात गळतीच्या जागा नोंदलेल्या असतात. एका सदनिकेने औषध मारले आणि शेजारच्याने नाही, तर डक्टमधून वाळवीचे येणे-जाणे चालूच राहते. म्हणून वाळवीची तपासणी गृहनिर्माण संस्थेने सर्व मजल्यांसाठी एकत्र करवून घ्यावी, शक्यतो पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, आणि त्या वेळी गळतीची ती यादी तपासनीसाच्या हाती द्यावी.