फाट्यापासून घरापर्यंत

पेठ नाक्यावर पहाटे मुंबईच्या ट्रॅव्हल्स थांबतात तेव्हा अजून अंधारच असतो. क्लीनर उतरून डिकीचं झाकण उचलतो आणि मोबाइलच्या उजेडात जो तो आपली बॅग ओळखून बाहेर ओढतो. पाठीला सॅक लावलेली पोरं न्यायला आलेल्या मोटारसायकलवर बसतात आणि दिसेनाशी होतात. चाकांची बॅग असलेल्यांचं तसं होत नाही. ती चालवणारा आणि मागचा यांच्यामध्ये आडवी घ्यावी लागते, नाहीतर सांगलीची एसटी येईपर्यंत तिला राखत उभं राहावं लागतं. आमचं घर कोरेगाव तालुक्यात, आजोळ सांगलीवाडीत. या दोन गावांमध्ये मी साठ वर्षं ये-जा करतोय. तेवढ्या काळात घरातलं प्रवासाचं सामान चार-पाचदा बदललं. ते का बदललं याचं उत्तर मला दरवेळी गाडीतून उतरल्यावर उरलेल्या वाटेत सापडलं.

सगळ्यात जुनी आठवण आजोबांच्या काळ्या ट्रंकेची. पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचं नाव आणि पलटणीतला नंबर. साताऱ्याकडे अशा ट्रंका घरोघर होत्या. अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. सुट्टीवर आलेला जवान ट्रंक आणि वळकटी घेऊन माहुलीला, म्हणजे साताऱ्याच्या स्टेशनात उतरायचा, मग एसटीच्या मागच्या शिडीवरून ट्रंक टपावर चढायची. ट्रंकेला दोन बाजूंना दोन कड्या असतात. ते दोघांनी उचलायचं सामान. त्यामुळे फाट्यावर कुणीतरी बैलगाडी घेऊन आलेलं असायचंच. आधी पत्र यायचं, त्यात तारीख असायची. पत्र उशिरा पोचलं तर जवान ट्रंक फाट्यावरच्या हॉटेलात ठेवून हात हलवत घरी येई आणि दुसऱ्या दिवशी ती आणली जाई.

सांगलीच्या बाजूला ट्रंकेची दुसरी गोष्ट आहे, ती गलाईवाल्यांची. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी केरळपासून पंजाबपर्यंत गेली. दुष्काळी गावं सोडून गेलेल्या या कुटुंबांची ट्रंक म्हणजे अख्खा संसार होता: पितळी भांडी, गोधड्या, देव्हाऱ्यातले टाक. त्यांना मिरजेला गाडी बदलावी लागे. एकेकाळी मिरज जंक्शनात तिन्ही रुंदीचे रूळ होते. पंढरपूरकडची बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ मध्ये तिथवर आली होती. रूळ बदलला की डबा बदलायचा, आणि डबा बदलला की ट्रंक पुन्हा हमालाच्या डोक्यावर. गावी परत येताना ही माणसं जड ट्रंक आणत नसत. ती तिकडेच राहायची. जाताना ट्रंक आणि येताना पिशवी, एवढ्यावरून माणूस कुठे रुजलाय ते गावाला कळायचं.

डोक्यावर ओझं वाहणं हाच आमच्याकडच्या कितीतरी माणसांचा रोजगार होता. पाटण, जावळीचे लोक मुंबईच्या बाजारपेठांमध्ये गोणी वाहायला गेले. त्यांच्या हक्कासाठी उभे राहिलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ चा माथाडी कायदा हे त्या लढ्याचं फळ. आमच्या भावकीतले एक काका माथाडी होते. गणपतीला येताना त्यांच्या हातात फक्त कापडी पिशवी असे. मी लहानपणी विचारलं, तेव्हा त्यांनी मानेवरचा घट्टा दाखवला. मला त्या वेळी अर्थ लागला नाही. आज तो घट्टा आठवला की गलबलून येतं.

सुटकेस आली ती सत्तरच्या दशकात. व्हीआयपीच्या सुटकेसी १९७१ पासून बाजारात होत्या. आमच्या घरी पहिली आली आत्याच्या लग्नात. तिला शिवून घेतलेलं कापडी कव्हर होतं आणि किल्ली आईच्या मंगळसूत्रात. आत साड्यांची घडी मोडत नसे, आणि हा तिचा गुण आजही खरा आहे. लग्नाला जाताना मी अजून सुटकेसच घेतो. पण तिची मूठ एका हाताची. फाट्यापासून घर दीड मैल. शंभर पावलांत बोटं भरून यायची, हात बदलायचा, पुन्हा शंभर पावलं. शेवटी आई पदराची चुंबळ करून सुटकेस डोक्यावर घ्यायची. ती चकचकीत सुटकेस डोक्यावर घेऊन शेताच्या बांधावरून चालणारी आई मला अजून दिसते.

अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं, आणि रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी ओढायची दांडीवाली बॅग १९८७ मध्ये काढली. आमच्याकडे ती चाकं पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. कराडच्या होस्टेलांवर आणि सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या होस्टेलांवर ती छान चालली. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाऊस पडला की मात्र चाकांत चिखल बसतो, चाक फिरेनासं होतं आणि बॅग नांगरासारखी फरपटते. परदेशी मुलाकडे जाणाऱ्यांसाठी दुसरा इलाज नाही, हे कबूल. विमानाच्या तेवीस किलोंच्या हिशोबात कंदी पेढे, बेदाणे, हळद आणि मसाला बसवायचा, भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर बॅग तोलायची, तर मोठी बॅगच हवी.

पाठीवरची पिशवी आम्हाला नवी नव्हतीच. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेने जाते. तेव्हा वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी असते, अर्धं ओझं पुढे, अर्धं मागे, आणि टाळासाठी दोन्ही हात मोकळे. ट्रंका आणि वळकट्या दिंडीच्या ट्रकमध्ये. कुणाचं काय जवळ ठेवायचं आणि काय पुढे पाठवायचं, हे वारीने केव्हाच ठरवून दिलेलं आहे. आमच्या घरात दोन पट्ट्यांची सॅक मात्र वासोट्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांबरोबर आली. बामणोलीहून लाँचने कोयनेचं पाणी ओलांडायचं आणि मग जंगलातून चढ. तिथे हातात काही धरून चालताच येत नाही. तरी वडीलधाऱ्यांना ते दप्तरच वाटायचं. सॅक घेऊन पाहुणा दारात आला की आजी विचारायची, ‘राहणार नाहीस का?’

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीवाडीतल्या मावशीने पहिल्या रात्री सुटकेस भरली, कपड्यांची, दागिन्यांची, फोटोंची. सकाळी बोट आली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात एका हाताने दोर धरायचा होता आणि दुसऱ्या हाताने नातीला. सुटकेस माळ्यावर गेली. नातवाच्या शाळेच्या सॅकमधली पुस्तकं काढून त्यात सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं आणि मावसोजींच्या गोळ्या कोंबल्या गेल्या. पाणी उतरल्यावर परत गेलो, तर माळ्यावरची सुटकेस बाहेरून कोरडी होती. आतल्या फोटोंना मात्र ओल लागून ते एकमेकांना चिकटले होते. मावशीने ते एकेक करून अंगणात दोरीला लावले.

तेव्हापासून दर वर्षी मृग लागला की ती सॅक दाराजवळच्या खुंटीवर येते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ती खांद्यावर घ्यायला मावशीला सांगावं लागलं नाही. यंदा जुलैत मी तिला चार दिवस आमच्याकडे न्यायला गेलो होतो. तिने लुगडी सुटकेसमध्ये भरली, किल्ली लावली, आणि गाडीत बसता बसता परत आत जाऊन खुंटीवरची सॅक घेऊन आली.