आंतरजालावरील बुद्धिबळ : मानांकनाचा आकडा आणि त्यामागचा खेळाडू

आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने रचलेली मानांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली, तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंची माणसे स्वतःच्याच बुद्धीने खेळत आहेत, हे गृहीतक वेगळे मांडण्याची गरज कोणालाही वाटली नाही. गुणांतील फरकावरून निकालाची अपेक्षा वर्तवायची आणि प्रत्यक्ष निकाल वेगळा लागला की गुण त्या प्रमाणात बदलायचे, हे या पद्धतीचे सार. २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, असे ती सांगते. १९९२ पासून सर्व्हरवर अनोळखी माणसांचे डाव रंगू लागले आणि ते गृहीतक डोळ्यांआड गेले. हौशी खेळाडूला हरवण्यास घरचा संगणक तेव्हाही पुरेसा होता. पण २००६ मध्ये बॉन येथे डीप फ्रिट्झने विश्वविजेत्या व्लादिमिर क्रॅमनिकला ४–२ असे हरवले आणि पुढे त्याहून अधिक बळ खिशातल्या फोनमध्ये आले, तेव्हा कोणताही डाव संशयापलीकडचा राहिला नाही.

फसवणूक शोधणारी तंत्रे खेळाडूच्या चाली इंजिनच्या, म्हणजे चालींचे मूल्यमापन करणाऱ्या संगणकप्रणालीच्या, पसंतीशी ताडून पाहतात. सोप्या आणि अवघड चालींना सारखाच वेळ लागतो का, हेही तपासतात. दोषी ठरलेल्याचे खाते बंद झाल्यावर त्याच्याकडून हरलेल्यांचे गुण परत दिले जातात. जून २०२१ मध्ये करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यांत विश्वनाथन आनंदविरुद्ध एका उद्योजकाने संगणकाची मदत घेतल्याची कबुली दिली, तेव्हा निदान सत्य लगेच उघड झाले. २०२२ मध्ये तत्कालीन विश्वविजेता मॅग्नस कार्लसनने अमेरिकी ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यानंतर सेंट लुईसची स्पर्धा सोडली आणि पुढे चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने ७२ पानी अहवालात नीमनने आंतरजालावरील शंभराहून अधिक डावांत बहुधा फसवणूक केल्याचे म्हटले. पटावरील त्या डावात मात्र फसवणुकीचा पुरावा कोणीही दिला नाही.

पुढचे पर्व अधिक क्लेशकारक आहे. २०२३ मध्ये त्याच क्रॅमनिकने अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराच्या जलद डावांतील ४६ पैकी साडेपंचेचाळीस गुणांच्या मालिकेकडे बोट दाखवले. परंतु हजारो डाव, तेही बहुधा आपल्याहून कमी मानांकनाच्या प्रतिस्पर्ध्यांशी, खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी मालिका कधीतरी येणारच; असंख्य डावांतून तेवढाच तुकडा वेचून त्याची दुर्मिळता मोजणे हा संख्याशास्त्राचा उघड दुरुपयोग आहे आणि चेस डॉट कॉमलाही त्या डावांत गैरप्रकार आढळला नाही. हरवलेले गुण परत करता येतात; जाहीर संशयाने गेलेली प्रतिष्ठा परत करण्याची अशी कोणतीही सोय नाही.

अशा संशयाला कमी वाव देणारा एक मार्गही निघाला होता : महासंघाने २०२१ मध्ये मान्य केलेल्या संमिश्र स्पर्धांत खेळाडू आपापल्या गावच्या सभागृहात संगणकासमोर बसत आणि चाली आंतरजालावरून जात, पण पंच त्यांच्याजवळ प्रत्यक्ष हजर असे.