झेरॉक्सच्या दुकानातून थेट स्पर्धेत

काल कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याने माझे प्रिंट बघून विचारलं, "व्हिजिटिंग कार्डं का?" म्हटलं, नाही हो दादा, पत्ते आहेत!

'नेटरनर' हा भविष्यातल्या हॅकर्सचा खेळ. 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाच्या जनकाने, रिचर्ड गारफिल्डने, तो १९९६ मध्ये काढला.

एक खेळाडू बलाढ्य कंपनी, दुसरा हॅकर. कंपनी पत्ते पालथे मांडते. आत गुपित आहे की सापळा, ते घुसल्यावरच कळतं. गुपितांचे सात गुण आधी मिळवले की डाव जिंकला.

दोन्ही बाजूंनी खेळावं लागतं, म्हणून स्पर्धेला दोन डेक न्यायचे. खरा कस चेहरा कोरा ठेवण्यात. आपले रमीबहाद्दर इथे भारी पडतील, असं माझं ठाम मत!

२०१८ मध्ये अधिकृत छपाई थांबली, पण चाहत्यांनीच खेळ चालू ठेवला. त्यांच्या 'नल सिग्नल गेम्स'च्या संचांच्या पीडीएफ फुकट मिळतात आणि घरी छापलेले पत्ते त्यांच्या स्पर्धांतही चालतात. ६३ बाय ८८ मिमी कापा, स्लीव्हमध्ये मागे जुना पत्ता सरकवा, झालं.

जोडीदार नसेल तर 'जिंटेकी डॉट नेट'वर सराव करा.

पहिला डेक कसा बांधायचा, कमेंटमध्ये विचारा. नाशिककर असाल तर भेटूच!