अर्ध्या हिश्श्याने डेव्हलपर का भुलत नाही

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावातल्या एखाद्या तरुणाच्या डोक्यात ॲपची कल्पना आहे, असे धरून चालू. सोयाबीनच्या सुगीत पाऊस डोक्यावर असतो, सगळ्यांना मळणी यंत्र एकाच आठवड्यात हवे असते आणि यंत्रवाल्याचा फोन लागत नाही. ॲपवरून यंत्राची पाळी लावता आली तर? अडचण खरी आहे, पण त्याला कोड लिहिता येत नाही. मग तो सोलापूर-पुण्यातला एखादा डेव्हलपर गाठून म्हणतो, कल्पना माझी, ॲप तू बनव, नफा निम्मा-निम्मा. नकार बहुधा ठरलेला असतो. त्यात शिष्टपणा नसतो, साधा हिशेब असतो. नोकरी सांभाळून कित्येक महिने रात्री जागायचे आणि बदल्यात ज्याची किंमत आज शून्य आहे त्याचा अर्धा भाग घ्यायचा. हिस्सा साठ टक्के केला तरी शून्याचे साठ टक्के शून्यच. म्हणून डेव्हलपरला पटवण्याचे खरे काम त्याच्या भेटीआधी, गिऱ्हाइकापाशी व्हायला हवे.

पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या भावांच्या ‘क्विक हील’ या अँटिव्हायरस कंपनीची गोष्ट बहुतेक यशापासून सांगितली जाते. इथे कामाचा आहे तो आधीचा भाग. कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले, कॅल्क्युलेटर दुरुस्ती शिकले आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. संगणक आले तसे तेही दुरुस्तीला येऊ लागले, आणि त्यातल्या अनेकांचे दुखणे यंत्रात नसून व्हायरसमध्ये होते. धाकटे संजय तेव्हा संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांतूनच अँटिव्हायरस विक्रीला आला. हे कोण विकत घेणार, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडायचे कारणच नव्हते. घेणारे दुकानात येतच होते. कोड येत नसलेल्या भावाने भागीदारीत आणले ते गिऱ्हाईक, बाजाराची जाण आणि दुरुस्तीतून येणारा रोजचा पैसा. तरीही वाट लांबच होती. कंपनीला क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव मिळाले २००७ मध्ये, सिक्वोया कॅपिटलची ६० कोटींची गुंतवणूक आली २०१० मध्ये आणि शेअर बाजारात नोंदणी झाली २०१६ मध्ये.

तामलवाडीच्या तरुणालाही गिऱ्हाईक असल्याचा पुरावा ॲपविना गोळा करता येतो. एक हंगाम वही, फोन आणि व्हॉट्सॲपवर पाळ्या लावायच्या, शेतकऱ्याकडून थोडा इसार घ्यायचा, यंत्रवाल्याकडून दलाली ठरवायची. तोंडदेखले ‘छान आहे’ कुणीही म्हणतो. इसार मात्र गरज असलेलाच देतो. कदाचित असे कळेल की यंत्रवाल्यांना वेळापत्रक नकोच, त्यांना आधी उधारी वसूल व्हायला हवी आहे. मग ॲपच वेगळे लागेल, आणि हे कोड लिहिण्याआधी कळणे डेव्हलपरच्या दृष्टीने मोठीच बचत. पण इतके उघड्यावर केले तर कल्पना चोरीला जाणार नाही का? जाऊ शकते. कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. पण काटकरांची कल्पना तरी कुठे गुप्त होती? परदेशी अँटिव्हायरस आधीपासून बाजारात होतेच.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा की ते सख्खे भाऊ होते, परक्याला तो भरवसा कुठून यावा? आक्षेप खरा आहे. रक्ताचे नाते पैसा न मिळणाऱ्या वर्षांत धीर पुरवते. परक्याच्या बाबतीत त्या जागी कागद लागतो, आणि इथे आपल्याकडे संकोच फार. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा भागीदारांत समान वाटला जातो, काम कुणी किती केले हे न पाहता. कॉपीराइट कायद्याचा सर्वसाधारण नियम कोडचा पहिला हक्क लिहिणाऱ्याला देतो. नोकरीत लिहिलेल्या कोडचे वेगळे. डेव्हलपरचा हक्क नव्या कंपनीच्या नावे करायचा तर लेखी दस्त लागतो. स्टार्टअपमध्ये हिस्सा एकदम न देता साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत रूढ आहे. पहिले वर्ष पुरे होण्याआधी जो सोडेल त्याला काहीच मिळत नाही. ही अट कल्पनावाल्यानेही स्वतःला लावून घ्यावी. डेव्हलपर कोड लिहीत बसला असताना दुसरा भागीदार सुगी संपताच दुसऱ्या धंद्याला लागला, तर नुकसान कुणाचे, याचे उत्तर त्या कागदात असायला हवे.