लिनक्स घरी आणताना (भाग ४) : ‘वऱ्हाड’ नीट उमटतं का?

मागच्या आठवड्यात आपण लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर चढवलं. आता संगणक त्यावरून सुरू करा. पण ‘इन्स्टॉल’चं चिन्ह आज दाबू नका. इन्स्टॉल करेपर्यंत हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते, तेव्हा आधी परीक्षा घेऊ.

माझी परीक्षा एकाच शब्दाची : वऱ्हाड. मुलखाचं नावही हेच आणि लग्नाला निघालेली मंडळीही हीच, म्हणजे अकोल्या-अमरावतीच्या पत्रिका छापणाऱ्याची यातून सुटका नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. नेहमीचा र, हलन्त आणि ह दाबलं तर रफार चढतो, ‘वर्हाड’ होतं. हवा तो वेगळा ऱ, शिफ्ट धरून जे. म्हणून क्रम असा : बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि शेवटी ड साठी चौकोनी कंस उघडणारी कळ. इनस्क्रिप्टची मांडणी 1986 मध्ये सरकारने ठरवली, पण रेमिंग्टनवर हात बसलेले जुने टायपिस्ट अजून तिच्यावर नाक मुरडतात. महिनाभर त्रास होईल, हे आधीच सांगतो.

जुन्या फाइलींचं दुखणं याहून मोठं. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. मी एकदा फॉन्टची फाइल बाजूला न काढताच डिस्क पुसली, आणि दहा वर्षांची पत्रं इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर आली. तुम्ही फॉन्ट आधी जपून ठेवा. लिनक्समध्ये तो टाकता येतो. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा.

मिंटच का? विंडोज 10 ची मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, जे आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डब्यांत नाही. चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे, देशी आणि डेबियनवर बेतलेलं. पण नवख्याला अडल्यावर विचारायला मिंटवाले जास्त सापडतात, म्हणून माझं मत मिंटला.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र विंडोज पुसू नये. टॅली लिनक्ससाठी येत नाही, आणि विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’वर ती चालवायची खटपट ऐन रिटर्नच्या दिवसांत कोण करेल? त्याला दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवणंच बरं.

वायफाय आणि प्रिंटरही याच पेनड्राइव्हवर तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात डिस्कची वाटणी करू. तोवर फोटो, पत्रिका, हिशेब आणि ते जुने फॉन्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी पाहून घ्या. वाटणी चालू असताना लाइट गेली तर मला फोन करू नका.